तुमचा तो मिसळवाला

आमच्या भागात माझ्या मालकीचं एक मिसळीचं हॉटेल, दोन बेकऱ्या, एक वेफर्सवाला आणि कोपऱ्यावरची भजीची गाडी आहे. कागदोपत्री यातलं काहीच माझ्या नावावर नाही. गल्ल्यातला रुपयाही कधी हाताला लागलेला नाही. मात्र मीठ जास्त पडलं, शटर बंद निघालं, सुट्टे मिळाले नाहीत, की जाब मला द्यावा लागतो.

ही मालकी मिळवायला भांडवल लागत नाही. लिफ्टमध्ये कुणीतरी सहज विचारतं, "इथे पॅटिस कुठे बरं मिळतं हो?" आणि तुम्हीही सहज सांगून टाकता. झालं. लिफ्ट खाली पोचेपर्यंत व्यवहार पुरा. पॅटिस आवडलं तर ते बेकरीचं. नाही आवडलं तर दुसऱ्या दिवशी त्याच लिफ्टमध्ये, "खाल्लं बरं का तुमचं पॅटिस." पुढे शांतता. चौथा मजला, तिसरा, दुसरा. दार उघडता उघडता निकाल, "बटाटा कमी होता."

आता त्यात बटाटा काही मी भरत नाही. पण त्या पॅटिसशी माझी जुनी ओळख आहे, तेव्हा बाजू मांडणं भाग पडतं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला भट्टीतून ट्रे बाहेर येतो, तेव्हा वरचा पापुद्रा नुसतं बोट लावलं तरी फुटतो. पहिल्या घासाला तोंडात निव्वळ मैदा आणि हवा. दुसऱ्या घासाला अर्धा चुरा शर्टाच्या खिशात. बटाटा भेटतो तिसऱ्या घासाला, एका कोपऱ्यात दडलेला, सोबतीला दोन हिरवे वाटाणे, आणि इतका गरम की माणूस फू फू करत फुटपाथवर नाचतो. तो नाच म्हणजेच पॅटिस. ते पिशवीत बांधून, डिकीत घालून, रात्री नऊला मायक्रोवेव्हमध्ये फिरवलं की हातात मऊ पुठ्ठाच येणार. हे सगळं मी समजावून सांगितलं. उत्तर आलं, "मग तसं आधी सांगायचं ना!"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी कॅम्पातल्या एका जुन्या बेकरीचा पत्ता माझ्याकडून घेतला आणि दुपारी दीडला जाऊन उभे राहिले. जन्म सदाशिव पेठेतला, नोकरी लक्ष्मी रोडवर, आणि दुपारी दीडला दुकान उघडं असेल ही आशा! "रिक्षाचे पैसे गेले," असं ते माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. हेच काका २०१७ साली, चितळ्यांनी दुपारी एक ते चारची सुट्टी बंद करून दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली तेव्हा, पुण्याचं पुणेपण गेलं म्हणून जिन्यात हळहळत होते. बंद असलं तरी दुःख, उघडं असलं तरी दुःख, आणि दोन्ही ऐकायला मी.

पण हे सगळे किरकोळ मामले. खरी परीक्षा पाहुणे आले की असते, त्यातून आमचे साडू कोल्हापूरचे. जाणकारांना एवढ्यावरच पुढचं कळलं असेल.

सकाळी चहा पिता पिता साडू म्हणाले, "पुण्यात पण मिसळ करत्यात म्हणं?" बायकोने स्वयंपाकघरातून डोळे मोठे करून 'नको' म्हणून खुणावलं. पण विषय अब्रूचा होता. मी त्यांना पेठेतल्या माझ्या (म्हणजे बघा, मीही आता तसंच म्हणायला लागलो आहे) मिसळवाल्याकडे घेऊन गेलो. रविवार असल्यामुळे रांग होती. साडूंनी रांगेकडे बघून सांगितलं, की उद्यमनगरातल्या फडतऱ्यांकडेही गर्दी असते, पण ती मिसळीसाठी असते. इथली कशासाठी होती ते त्यांनी सांगितलं नाही.

बशी आली. साडूंनी चमचा उभा धरून खोदकाम सुरू केलं. वरचा बारीक चिरलेला कांदा बाजूला सारला, कोथिंबीर उडवली, फरसाण पालथं केलं, आणि एकदम थांबले. चमच्याच्या टोकावर त्यांनी एक पोहा उचलला, उजेडात धरला आणि जेवणात केस सापडावा तशा आवाजात म्हणाले, "पाहुणं, ह्यात पोहे घावलेत."

मी म्हटलं, पुण्याच्या मिसळीत पोहे असतात.

"आणि कट कुठाय?"

मी वाटीतल्या रश्श्याकडे बोट दाखवलं. त्यांनी तो आधी डोळ्यांनी प्यायला. रंग पसंत पडला नाही. मग एक घोट घेतला. "गोड लागतंय की ओ!" पोऱ्या शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. साडूंनी पुन्हा सॅम्पल मागवलं, खात्री करायला. तेही गोड लागलं. मग आणखी एक. चौथी वाटी तोंडाला लावून ती रिकामी करत ते म्हणाले, "छ्या, गूळच घातलाय." एकमत झालं ते एकाच गोष्टीवर. तिथे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड देतात, आणि कोल्हापूरकरांनाही पावापेक्षा स्लाइसच लागतो. बाकी महाराष्ट्र पावात बोट घालून मिसळ खातो याबद्दल आम्ही दोघांनी मिळून थोडा वेळ खेद व्यक्त केला. तेवढाच काय तो जिव्हाळ्याचा क्षण.

घरी आल्यावर ठाण्याच्या मेहुणीचा फोन. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. "अहो भावजी, मामलेदारची मिसळ खाल्ली की डोळ्यांतून पाणी येतं. तुमच्या मिसळीने मागच्या वेळी माझं नाकसुद्धा ओलं झालं नव्हतं." आता रडायचंच असेल तर त्यासाठी घरात इतर कारणं आहेत, पण ते मी बोललो नाही.

निघताना साडूंनी काय काय नेलं? चितळ्यांची बाकरवडी आणि कयानीची श्रूजबेरी. नाव इंग्लंडातल्या गावाचं, बेकरी इराण्यांची, रांग आपली, आणि खोकी स्वारगेटला एसटीच्या फळीवर. ती त्यांना फार आवडली, चार दिवसांत फस्त झाली. पण त्याचं श्रेय कयानीला, त्याचं श्रेय चितळ्यांना. माझ्या वाट्याला खोकी वाहून नेणं आणि पोह्याचा विषय.

पाकिटबंद मालाची मालकी त्याहून अवघड. वेफर्सची पिशवी घेऊन खालच्या मजल्यावरचा मुलगा दारात उभा. "काका, तुमच्या वेफर्समध्ये नुसती हवा आहे." मी त्याला सांगितलं, की ती साधी हवा नसते, नायट्रोजन भरतात, म्हणजे तेल लवकर खवट होत नाही आणि वेफर्सचा भुगाही होत नाही. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग नायट्रोजनचे पैसे वेगळे लावतात का?" हा मुलगा पुढे नाव काढणार.

सोसायटीतल्या एका आजींनी तर मी सुचवलेली काजूची बिस्किटं परत आणून माझ्या टेबलावर ठेवली. "काजू दाखव." मी चष्मा लावून पुड्याची मागची बाजू वाचायला घेतली. पुड्यावर जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते आधी. मैदा, साखर, पामतेल, मग आणखी बरंच काही, मग मीठ आणि मिठाच्या मागे काजू! पुढच्या बाजूला मात्र हाच काजू इतका मोठा छापलेला, की त्याखाली मैद्याला तोंड दाखवायला जागा नाही. आजी म्हणाल्या, "तू खाण्यापूर्वी वाचत जा." मी ती बिस्किटं परत घेतली. दुकानदार परत घेत नाही, मी घेतो. संध्याकाळच्या चहाबरोबर बरी लागली.

मध्यंतरी मी हा धंदा बंद करून बघितला. कुणी विचारलं की "मला काही माहीत नाही हो" म्हणायचं. त्याने बेकऱ्या सुटल्या नाहीत, उलट "त्यांना चांगली ठिकाणं ठाऊक आहेत, पण सांगत नाहीत" अशी वदंता उठली. काका तर म्हणाले, "गर्दी होईल म्हणून लपवतात." म्हणजे पुन्हा मालकच. बायकोने सुचवलं, "अहो, तुम्ही नुसतं 'खाऊन बघा' म्हणा, चांगलंबिंगलं म्हणू नका." तेही केलं. "खाऊन बघा म्हणालात म्हणून खाल्लं," अशी तक्रार आली.

शेवटी एका मंगळवारी, गर्दी नसताना, मी एकटाच मिसळवाल्याकडे गेलो. म्हटलं, आपण निदान गिऱ्हाईक म्हणून खाऊ. मालकांनी गल्ल्यावरूनच हाक मारली, "या या! तुमची माणसं येऊन गेली."

"माझी?"

"मग काय. तुमचे ते काका. एका मिसळीसाठी पाचशेची नोट काढली आणि सुट्टे नाहीत म्हटल्यावर तुमचं नाव सांगितलं. एक आजी आल्या होत्या तुमच्या, फरसाणच्या पुड्यावर काय लिहिलंय ते आत जाऊन वाचलं त्यांनी. आणि ते कोल्हापूरचे पाहुणे! जाताना बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांना सांगितलं, गोड हाय, जाऊ नका. दोन कुटुंबं उठून गेली."

मी काही बोललो नाही. मिसळ आली. पोहे होते, जिथे असायला हवेत तिथेच. अर्धी संपली तेव्हा मी सॅम्पलची वाटी पुढे केली. पोऱ्याने गल्ल्याकडे बघितलं.

मालक हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "त्यांच्या चार वाट्या झाल्यात आधीच."