गाव स्वस्त असतं हे कुणी ठरवलं?

लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या गावात आमचं किराणा दुकान आहे. वडिलांनी घातलेलं, आता मी बसतो. सोयाबीनचा बाजार कसा चाललाय हे मला मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, फोन न लावताही कळतं. सुगी झाली की ज्या घरात तेलाचा पंधरा किलोचा डबा जायचा, त्या घरातलं पोरगं यंदा ऐन दिवाळीत अर्ध्या लिटरचा पाऊच न्यायला आलं आणि म्हणालं, "पप्पांनी लिहून ठेवा म्हणलंय."

हे आज लिहायचं कारण म्हणजे शाळेच्या ग्रुपवर झालेला वाद. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मित्राने लिहिलं की गावात राहणाऱ्यांनी महागाईची तक्रार करू नये. घरभाडं नाही, हप्ते नाहीत, भाजी शेतातली, धान्य घरचं. त्याने आकडाही दिला. 2023-24 च्या सरकारी पाहणीत खेड्यात माणशी महिन्याचा खर्च 4122 रुपये निघाला आणि शहरात 6996. म्हणजे गाव स्वस्त, असा त्याचा हिशोब.

आकडा खरा आहे. पण कमी खर्च होतो म्हणजे सगळं कमी भावात मिळतं, असा अर्थ त्यातून कसा निघतो? माणसाकडे पैसाच कमी आला तर तो कमीच खर्च करणार. त्याच पाहणीत पुढे आहे की खेड्यातल्या खर्चातला जवळपास 47 टक्के पैसा खाण्यावर जातो, शहरात 40 टक्क्यांच्या आसपास. डाळ, तेल, साखर महागली की आमच्याकडे थेट ताटावर येतं, कारण कात्री लावायला दुसरं काही फारसं उरलेलंच नसतं. आणि घरच्या धान्याचं म्हणाल तर आमच्या भागात ज्वारी आणि तूर मागे पडून रान सगळं सोयाबीनखाली गेलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. सोयाबीन चुलीवर शिजवून कुणी खात नाही. ते विकायचं आणि त्या पैशातून डाळ, तेल, गहू आणायचा. शेतकऱ्याचं घर आज माझ्या दुकानावर तेवढंच अवलंबून आहे जेवढं पुण्यातलं घर तिथल्या दुकानावर. वर माझा माल लातूरच्या गंजगोलाई बाजारातून टेम्पोने येतो, त्याचं भाडं कुठून तरी निघायलाच हवं. छापील किमतीच्या मालात माझा नफा तेवढाच राहतो, म्हणून ते भाडं सुट्या मालावर चढतं. डाळ, गूळ, शेंगदाणे, पोहे लातूरपेक्षा आमच्याकडे किलोमागे दोन-चार रुपयांनी जास्तच असतात. मी ते लपवत नाही, गिऱ्हाइकालाही माहीत आहे. पण पाव किलो डाळीसाठी लातूरचं तिकीट कोण काढणार? एसटीचं भाडं जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्क्यांनी वाढलं. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून निदान आठवड्याला घरातली बाई तरी जाऊन येते.

भाडं नाही, हेही अर्धंच खरं. आमच्या गल्लीत मोजायला बसलो तर दर दोन-तीन घरांमागे एका घराने लातूरला खोली केलेली आहे. पोरगं अकरावीला किंवा नीटच्या शिकवणीला. कुठे आई सोबत राहते, कुठे आजी. बाप इथे शेतात, एकटा. म्हणजे दोन चुली, दोन सिलिंडर, दोन लाईटबिलं, शिवाय शिकवणीची फी. लातूर पॅटर्नचं कौतुक राज्यभर होतं आणि ते खरंही आहे, पोरं डॉक्टर झालीत. पण त्याचा खर्च आसपासच्या गावांतून कसा उचलला जातो ते लातूरच्या बोर्डांवर लिहिलेलं नसतं. त्यातलं जवळपास काहीच आमच्या गावात खर्च होत नाही. डबा, वह्या, चप्पल, मोबाईल सगळं लातूरात. दवाखान्याचं तसंच. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, हाडाचा डॉक्टर म्हटलं की लातूर. एकाच्या दुखण्याला दोघांना जावं लागतं, आणि दोघांचा रोज बुडतो तो वेगळाच.

पण माझ्या मते गाव महाग होण्याचं मोठं कारण याहून वेगळं आहे आणि ते दुकानात बसल्याशिवाय दिसत नाही. इथे खर्च दर महिन्याला आहे आणि पैसा वर्षातून एकदा, फार तर दोनदा येतो. मधले आठ-नऊ महिने कुणीतरी सांभाळून न्यावे लागतात. ते आम्ही नेतो. किराणावाला, कृषी सेवा केंद्रवाला, कापडवाला, मेडिकलवाला. जूनमध्ये बी आणि खत सोयाबीनच्या बोलीवर जातं. जुलैत शाळेचे कपडे त्याच बोलीवर. पंचमी, पोळा, गणपती, महालक्ष्म्या सगळे सण त्याच बोलीवर. ऑक्टोबरात रास झाली की खाती मिटवायची, असा हा गावाचा जुना करार आहे, आणि लोक तो पाळतात. बुडवणारा शंभरात एखादा. बाकीच्यांना देणं डोक्यावर असलं की दुकानासमोरून जायला जड जातं. ते वळसा घालून जातात आणि मला ते बघवत नाही.

आता गंजगोलाईतला होलसेलवाला माझ्यासाठी ऑक्टोबरपर्यंत थांबत नाही. त्याला पंधरा दिवसांत, फार तर महिन्यात पैसे लागतात. कंपनीच्या मालाला तर रोख. म्हणजे मी रोखीने घ्यायचं आणि उधारीने द्यायचं, आणि मधल्या खड्ड्यात स्वतःचा पैसा किंवा व्याजाचा पैसा भरायचा. बँकेत कॅश क्रेडिट मागायला गेलो तर तिथे उलाढाल दाखवायला सांगतात. माझी निम्मी उलाढाल लाल कापडी बांधणीच्या वहीत आहे. ती वही बँक बघत नाही. मग सोनं गहाण ठेवा, नाहीतर सावकार. गिऱ्हाईकही तिकडे तेच करतं, फक्त त्याच्या वाट्याला बचत गटाच्या नावाने येणाऱ्या मायक्रोफायनान्सचा हप्ता येतो, वर्षाला वीस-पंचवीस टक्के व्याजाच्या घरातला. हे सगळं व्याज शेवटी पाव किलो डाळीत येऊन बसतं.

यंदा हा करार मोडला. सप्टेंबर 2025 मध्ये मांजरा आणि तेरणा नद्यांच्या काठावर काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. उभं सोयाबीन पाण्यात गेलं, शेंगांना कोंब फुटले. जे हाती लागलं ते काळवंडलेलं. सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ज्याच्या खात्यावर जे आलं त्याला त्याचा आधार झाला, मी नाकारत नाही. पण वाचलेलं सोयाबीन विकायला माणूस मोंढ्यात गेला तेव्हा काय झालं ते बघा.

एका गिऱ्हाइकाने खातं मिटवायला येताना मोंढ्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, सोबत आणली होती. घडी घालून खिशात ठेवलेली, घामाने कडा विरघळलेल्या. 6 क्विंटल 40 किलो, भाव 4150. झाले 26,560 रुपये. त्यातून हमाली, तोलाई, टेम्पो. घरी येईपर्यंत काढणीचं गुत्तं घेतलेल्या बायकांचे आणि हडंब्यावाल्याचे (मळणीयंत्रवाल्याचे) पैसे गेले. कृषी केंद्राला त्यांनी मोठा वाटा दिला, कारण रब्बीला हरभऱ्याचं बी तिथूनच घ्यायचं. मग माझ्याकडे आले आणि काऊंटरवर नोटा ठेवून म्हणाले, "शेठ, एवढे घ्या. राहिलेले हरभऱ्यावर." माझी बाकी राहिली साडेसात हजारांच्या आसपास.

मी नंतर बसून हिशोब केला. 2025-26 चा हमीभाव 5328. त्या भावाने तेवढ्याच मालाचे 34,099 झाले असते. फरक 7539 रुपये. म्हणजे माझी राहिलेली बाकी म्हणजे जवळजवळ तोच फरक! त्या माणसाने कष्टात कसूर केली नाही, माझ्याशी खोटं बोलला नाही, मीही भावात लुबाडलं नाही. तरी तो देणेकरी झाला आणि मी अडकलो.

मग हमीभावाने का नाही विकलं, असं ग्रुपवर एकाने विचारलं. विकायचं कुठे? सोयाबीन निघतं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. दिवाळी होती 20 ऑक्टोबरच्या पुढेमागे. हमीभावाची खरेदी सुरू झाली नोव्हेंबरच्या मध्यावर. त्याआधी नोंदणी, सातबारा, पीक पेरा, मग मेसेजची वाट, मग ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा, आणि भिजलेल्या सालात तो कुठून यायचा? आदल्या वर्षी बारदाना (पोती) नाही म्हणून केंद्रं थांबली होती, ते अजून कुणी विसरलेलं नाही. पैसे खात्यावर पडायला आणखी काही दिवस. ज्याला थांबता आलं त्याला 5328 मिळाले, थांबता आलं नाही त्याला 4150. मोठ्या रानाचा, घरात एक पगार असलेला माणूस थांबतो. ज्याच्या दारात हप्तेवाला उभा आहे तो दिवाळीच्या आधी मोंढ्यात जातो. भाव पडलेला असतो तो नेमका तेव्हाच.

तेलाचं तर मला अजून पचत नाही. 14 सप्टेंबर 2024 ला केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, कच्च्या तेलावर साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के. सांगितलं गेलं की यामुळे सोयाबीनला भाव मिळेल. माझ्या दुकानात पाऊच काही दिवसांत वीसेक रुपयांनी चढला. मोंढ्यात सोयाबीन मात्र 4892 च्या हमीभावाखालीच राहिलं. कारण सोयाबीनच्या दाण्यात तेल अठरा-वीस टक्केच असतं, बाकी बहुतेक पेंड, म्हणजे तेल काढून उरलेला भाग. भाव पेंडीवर ठरतो, आणि पेंडीला उठाव नव्हता. इथेनॉलसाठी मका वापरल्यावर जो चोथा उरतो तो कोंबडीखाद्यात स्वस्तात जाऊ लागला, परदेशातही पेंड स्वस्त. मग मे 2025 च्या शेवटी कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा खाली आणलं. सोयाबीन पिकवणाऱ्याच्या घरात तेल महाग झालं आणि सोयाबीन तेवढ्यातच राहिलं. 2021 च्या ऑगस्टमध्ये याच लातूरात सोयाबीन दहा हजारांवर गेलेलं लोकांनी पाहिलंय. त्या आशेवर कितीतरी जणांनी दोन-दोन वर्षं माल घरात ठेवला, आणि शेवटी चार हजाराला काढला.

नियमित पैसा आला की काय होतं हेही मी पाहिलंय. ऑगस्ट 2024 पासून लाडक्या बहिणीचे 1500 रुपये येऊ लागले. त्यावर शहरात बरीच नाकं मुरडली गेली. मला दुकानातून जे दिसलं ते सांगतो. हप्ता पडला की बायका स्वतः येतात, रोखीने घेतात, आणि मागची बाकी विचारतात. "माझ्या नावाचं किती हाय, ते सांगा. मालकाचं वेगळं ठेवा," असं एका आक्कांनी मला सुनावलं. आधी त्यांच्या नावाचं खातंच माझ्या वहीत नव्हतं! साबण, चहापत्ती, पोरांची बिस्किटं हा माल आता उधारीवर जाण्याचं प्रमाण बरंच घटलंय. रक्कम लहान आहे, हप्त्याची तारीख पक्की नसते, तरीही ठराविक काळाने रोख येते म्हटल्यावर दुकान आणि घर दोन्हीला श्वास घेता येतो. पीएम किसानचे दोन हजार चार महिन्यांनी येतात, ते खताच्या बाकीत जातात आणि दिसत नाहीत.

"गावातच धंदा काढा, पुण्याला कशाला जाता" असं पोरांना सांगणारे खूप भेटतात. मलाही वाटतं पोरं इथे राहावीत. पण धंदा काढणाऱ्याला पहिल्या दिवसापासून उधारी द्यावी लागणार हे त्याला कुणी सांगत नाही. गेल्या काही वर्षांत आमच्या चौकात मोबाईल शॉपी, चहाचं नवं दुकान, केकचं दुकान असं बरंच काही उघडलं आणि बंद झालं. पोरं मेहनती होती. जूनपर्यंत चालली, पेरणीला गावातला रोख पैसा संपला की उधारी सुरू झाली, आणि पोळ्यापर्यंत भांडवल वहीत गेलं. मुद्रा कर्जाचा हप्ता काही सोयाबीनची वाट बघत नाही. त्यातला एक आता चाकणला कंपनीत आहे.

उपाय कुठे आकाशात शोधायचा नाहीये. शेतमाल तारण कर्ज योजना 1990 पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचल मिळते. ज्या शेतकऱ्याने पट्टी दाखवली त्याला मी ही योजना सांगितली तर म्हणाले, "सहा क्विंटलसाठी कोण दारात उभं करतंय?" त्यांची अडचण खरी आहे. गोदाम तालुक्याला, माल थोडा, वाहतूक परवडत नाही. पण गावातल्या सोसायटीला किंवा शेतकरी कंपनीला तेच गोदाम गावात चालवायला दिलं, दहा-वीस जणांचा माल एकत्र ठेवला, तर दिवाळीला लागणारा पैसा हातात येतो आणि माल घाईत विकावा लागत नाही. त्यांना दिवाळीत उचल मिळाली असती तर माझी बाकीही दिवाळीतच मिटली असती.

म्हणून आम्ही गावातले दुकानदार आणि शेतकरी मिळून एक निवेदन तयार केलंय. आजवर आमची निवेदनं वेगवेगळी जायची, यंदा एकच. मागण्या तीन. हमीभाव खरेदीची नोंदणी ऑगस्टमध्ये सुरू करून 1 ऑक्टोबरला काटा लावावा, बारदान्यासकट. तारण कर्ज गावपातळीच्या गोदामावर मिळावं. आणि तालुक्याच्या बँकांनी छोट्या दुकानदाराला हंगामाप्रमाणे फेडायचं खेळतं भांडवल द्यावं, पीककर्जासारखं, वर्षातून एकदा फेडायचं. सोमवारी तहसीलला देणार आहोत, प्रत बाजार समितीला आणि जिल्हा उपनिबंधकांना. आसपासच्या गावांतल्या कुणाला सही करायची असेल तर दुकान सकाळी सात ते रात्री नऊ उघडं असतं. ज्यांच्याकडे यंदाच्या पट्ट्या आहेत त्यांनी झेरॉक्स घेऊन या, नावावर काळी पट्टी मारून निवेदनाला जोडू.