१.९ सेकंदांचा सदुपयोग

आपण ५० लाखांच्या आसपासची आटोपशीर आलिशान एसयूव्ही घेण्याचे ठरवले असेल तर सर्वप्रथम आपले अभिनंदन, आणि लगेच एक सूचना : आई-वडिलांना गाडीत चढता-उतरता येईल का, मागे तिसरा माणूस बसला तर त्याचे गुडघे कुठे जातील, असले प्रश्न शोरूमच्या पायरीवरच चपलांसारखे काढून ठेवावेत. आत गेल्यावर विचारायचा प्रश्न एकच. शून्य ते ताशी शंभर किलोमीटर किती सेकंदांत?

ऑडी क्यू३ : ७.३ सेकंद. बीएमडब्ल्यू एक्स१, पेट्रोल : ९.२ सेकंद. आकडे खुद्द कंपन्यांनी दिलेले असल्यामुळे त्यांवर शंका घेणे म्हणजे घरच्या कार्यात जेवणाला नावे ठेवण्यासारखे आहे. पहिलीत दोन लिटरचे, १९० अश्वशक्तीचे इंजिन असून ताकद चारही चाकांना मिळते. दुसरीत दीड लिटरचे, तीनच सिलिंडरचे, १३६ अश्वशक्तीचे इंजिन असून ओढण्याचे सगळे काम पुढच्या दोन चाकांकडे असते, आणि गाडी झपकन सुटताना भार मागे सरकत असल्यामुळे नेमकी तीच दोन चाके हलकी होतात. कोणती गाडी पुढे जाईल हे यावरून नववीतला मुलगाही सांगेल. आपण मात्र हे शोधून काढण्यासाठी तीन महिने रात्री जागून व्हिडिओ पाहावेत, म्हणजे नंतर चारचौघांत ‘बराच अभ्यास करून घेतली’ असे म्हणता येते.

तर फरक १.९ सेकंदांचा. आता तो पुण्यात कुठे खर्च करायचा ते पाहू. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकाप्रमाणे पुण्यात १० किलोमीटर जाण्यास सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागत होते. या बाबतीत त्या वर्षी आपला जगात चौथा क्रमांक लागला, आणि कोलकाता व बंगळुरू आपल्याही पुढे होते, हे शल्य तूर्त बाजूला ठेवावे. एकूण २,००२ सेकंद झाले, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. गाडी एकसारखा वेग घेते असे धरले (प्रत्यक्षात घेत नाही, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोला जाग यायला क्षणभर जातोच), तर या १८ पर्यंत पोहोचण्यास क्यू३ला १.३ सेकंद आणि एक्स१ला सुमारे १.७ सेकंद लागतात. याचा अर्थ आपल्या हाती सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा शिल्लक राहतो. त्यात धड शिंकही पुरी होत नाही; हॉर्न मात्र एकदा वाजवता येतो, आणि पुण्यात तेवढे पुरते.

टेस्ट ड्राइव्ह अवश्य घ्यावी. मी रविवारी सकाळी सात वाजता बाणेरला घेतली होती. शेजारी बसलेल्या तरुणाने स्पोर्ट मोड लावून “सर, आता पिकअप बघा” असे म्हटले, मी पाय दाबला, डोके मागच्या उशीवर आपटले, पोटात जत्रेतल्या पाळण्यासारखे झाले, आणि पन्नासेक पावलांवर गतिरोधक उभा राहिला. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकानुसार गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. हा बहुधा जवळच्या सोसायटीच्या अध्यक्षांच्या रागाच्या मापाने बांधलेला होता. मी ब्रेकवर उभा असताना डावीकडून अंड्यांचे सात ट्रे मागे बांधलेली एक जुनी स्कूटर एकही अंडे न हलवता पुढे निघून गेली. तिचा शून्य ते शंभरचा आकडा उपलब्ध नाही.

माहितीपत्रकातला आकडा घरी काढून पाहायचा असेल तर आधी वजनाकडे लक्ष द्यावे. युरोपात रिकाम्या गाडीचे वजन सांगताना त्यात ६८ किलोंचा एक चालक आणि त्याचे ७ किलो सामान धरण्याची रीत आहे. सौभाग्यवती, सासूबाई, दोन मुले आणि देवगडच्या चार पेट्या त्या रीतीत बसत नाहीत, तेव्हा त्यांना आधी खाली उतरवावे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. परंतु ते काही अंशी आपल्याकडच्या उसाचे असल्यामुळे तक्रार करून नात्यात वितुष्ट आणू नये. एवढे करूनही आकडा जमला नाही, तर काही अमेरिकी मासिकांची पद्धत वापरावी : गाडी फूटभर पुढे सरकल्यानंतर घड्याळ सुरू करतात. तीनेक दशांश सेकंद तिथेच सुटतात.

काही लोक ‘घाटात ट्रकला ओलांडताना साठवरून शंभरला कशी जाते?’ असे विचारतात. अशांची संगत टाळावी. ते डिझेलची एक्स१ पाहतात, तिचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) ३६० न्यूटन-मीटर, म्हणजे क्यू३च्या ३२० पेक्षाही जास्त असल्याचे हळूच वहीत टिपतात, आणि चर्चेतली सगळी मजा घालवतात.

राहता राहिला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. तिथे सपाटीवर मोटारींची वेगमर्यादा १०० आहे आणि कमानींवर कॅमेरे आहेत, त्यामुळे काटा शंभरावर टेकताच आनंद आवरता घ्यावा लागतो, नाहीतर पुढचा हिशेब ई-चलानाच्या संदेशातून कळतो. बारकाईने पाहिल्यास क्यू३च्या मालकाला हे कायदेशीर सुख ७.३ सेकंदच लाभते. एक्स१वाल्याला तेच ९.२ सेकंद पुरते. ही गोष्ट विक्रेत्याच्या कानावर घालू नये, तो जास्तीच्या सेकंदांचेही पैसे लावील.

खरा उपयोग पुढे आहे. शेजाऱ्याने एक्स१ घेतली असेल आणि सकाळी पावणेनऊला तुम्ही दोघेही हिंजवडीकडे निघाला असाल, तर वाकडच्या पुलाखाली आपली गाडी त्याच्या बरोबरीला येऊ द्यावी, काच खाली करावी, त्यालाही करायला लावावी आणि १.९ सेकंदांचा फरक इंजिनापासून टायरपर्यंत सविस्तर समजावून सांगावा. वेळ भरपूर असतो.