फोटोखालचं नाव

संध्याकाळी वडोदऱ्यातल्या सुरसागर तलावाच्या पाळीवर आमचा कट्टा भरतो. काल बंड्याने काडी टाकली. "कॅमेऱ्याला बाई-पुरुष काही कळत नाही. मग 'महिला छायाचित्रकार' अशी वेगळी पंगत कशाला?"

ताई उसळलीच. "कॅमेऱ्याला कळत नसेल, छापणाऱ्यांना कळतं. होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापून आले. त्या याच वडोदऱ्यात राहायच्या, 2012 मध्ये इथेच गेल्या. आपल्यापैकी कोणी कधी भेटायला गेलं?"

"अगं, पुढे त्यांनी स्वतःच 'डालडा 13' नाव घेतलं. जन्म 1913 चा, नवरा भेटला तेराव्या वर्षी, गाडीचा नंबर डीएलडी 13. यात बाई कुठे दिसते?"

मुद्दा खोडता येईना. मी म्हटलं, नाव राहू दे, फोटो बघ. विमानतळावर नेहरू बहिणीची, विजयालक्ष्मी पंडितांची, वाट बघत उभे आहेत आणि तिथेच पाटी आहे, फोटो काढायला सक्त मनाई! त्या काळच्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्याच्या एका होल्डरमध्ये फिल्मच्या दोनच शीट. फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की बाद. आपण शंभर काढतो नि एक ठेवतो. साडी सावरत, एवढं धूड हातात घेऊन वावरणाऱ्या या बाईला पुढचा क्षण आधीच हेरावा लागायचा. मला त्यांचं मोठेपण 'पहिल्या' असण्यापेक्षा या नजरेत जास्त वाटतं.

"मीही तेच म्हणतोय," बंड्या म्हणाला.

तेव्हा नाना बोलले. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या इंग्रज बाईंनी 1843 पासून समुद्री शेवाळाचे सायनोटाइप, म्हणजे उन्हात कागदावर उमटणारे निळे ठसे, काढून पुस्तक केलं. फोटोंचं पहिलं पुस्तक तेच मानतात. प्रस्तावनेखाली फक्त 'ए. ए.' पुढे एका अभ्यासकाने त्याचा अर्थ लावला 'अ‍ॅनॉनिमस अ‍ॅमॅच्युअर', म्हणजे कोणी अनाम हौशी! "नजर कितीही मोठी असू दे बंड्या, नाव गेलं की ती दुसऱ्याच्या खात्यात जमा होते."

मला आमच्या दांडिया बाजारातल्या स्टुडिओवाल्या काकू आठवल्या. बाहेर काउंटरवर काका, आत लाल दिव्यात काकू. निगेटिव्ह काचेवर धरून, टोकदार शिसपेन्सिलीने नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण एकेक ठिपका देत भरायच्या. श्वाससुद्धा रोखून धरायच्या. बायकांचे फोटोही बहुतेक त्याच काढायच्या, कारण काकांसमोर बायका अवघडायच्या. माझ्या आईचा लग्नाआधीचा फोटो त्यांनीच काढलाय. आई अशी मोकळी हसलेली दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाही. मागे शिक्का मात्र काकांच्या नावाचा.

बंड्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काकूंचं नाव काय रे?"

मी ताईकडे पाहिलं, ताईने नानांकडे. तिथूनच आईला फोन लावला.