गुलमर्गचा बर्फ आणि ॲपमधले सेंटिमीटर

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काश्मीरचे बेत शिजायला लागतात आणि पाठोपाठ हा मेसेज येतो: ‘गुलमर्गला जाताय? हवामान खात्याच्या “हलकी ते मध्यम”वर विसंबू नका. फोनमधलं ॲप 15 दिवस आधी सेंटिमीटरमध्ये बर्फ सांगतं. चिल्लई कलानमध्ये तर बर्फ हमखास. वादळ सरलं की दुसऱ्या सकाळी थेट वर जा, तोच बर्फ बेस्ट!’ फॉरवर्ड करणाऱ्यांवर राग नाही, पण यातलं एकही वाक्य धड नाही.

आधी ते 15 दिवस. गुलमर्गला बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणाली. भूमध्य समुद्राच्या बाजूनं निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत काश्मीर गाठायला त्यांना काही दिवस पुरतात. म्हणजे ॲपवर पंधराव्या दिवशी बर्फाचं चिन्ह दिसतं, तेव्हा तो विक्षोभ बहुधा जन्मालाच आलेला नसतो. बाळाआधी बारसं! युरोपीय हवामान केंद्र सुरुवातीचे आकडे किंचित बदलून अंदाजाचं तेच गणित पन्नासएक वेळा सोडवतं. पहिले तीन-चार दिवस उत्तरं बऱ्यापैकी जुळतात, पुढे फाटे फुटत जातात. बरीचशी ॲप मात्र शेवटपर्यंत एकच आकडा ठणकावून सांगतात.

सेंटिमीटरचा घोळ त्याहून मोठा. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या अंगावर, 3,900 मीटरच्याही वर. उंचीच्या दर किलोमीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं असं धरलं तर खाली आणि वर आठेक अंशांचा फरक. मॉडेल, म्हणजे अंदाजाचं संगणकी गणित, मात्र डोंगराचे चौकोन पाडून पाहतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं घडवलेली, 2025 मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ जगातल्या बारीक जाळ्यांपैकी एक, तरी तिचा चौकोन 6 किलोमीटरचा. तेवढ्यात अख्खा उतार सपाट होऊन जातो. म्हणून गुलमर्गच्या खालच्या टंगमर्गला भाड्याचे गमबूट चढवताना पाऊस आणि वर पोचल्यावर बर्फ, असं घडतं.

शिवाय मॉडेल मुळात मोजतं ते पाणी. 20 मिमी पाण्याचा ढोबळमानानं 20 सेंटिमीटर बर्फ होतो. पण मुठीत दाबल्यावर ज्याचा घट्ट गोळा होतो, तो ओला बर्फ जेमतेम 10–12 सेंटिमीटर भरेल आणि फुंकरीनं उडणारा कोरडा बर्फ 40 सुद्धा. तेव्हा खातं मोघम बोलतं हा आरोप उलटाच आहे. त्यांच्या कोष्टकात ‘मध्यम’ म्हणजे 24 तासांत 15.6 ते 64.4 मिमी. पट्टा मोठा आहे, पण खरा आहे.

चिल्लई कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे 40 दिवस. थंडी हमखास, बर्फ नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार महिन्याचा बराच काळ तपकिरी होते. 2025 मध्ये तर फेब्रुवारीतले खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फाअभावी पुढे ढकलावे लागले, ते मार्चमध्ये झाले.

शेवटचं वाक्य मात्र जिवावर बेतणारं आहे. वादळात वारा एका बाजूचा बर्फ उचलून कड्यापलीकडच्या उतारावर रचत राहतो. वरून दुलईसारखा दिसणारा तो थर खालच्या जुन्या बर्फाला धड चिकटलेला नसतो आणि एका स्कीअरच्या वजनानंही सुटू शकतो. आभाळ निवळलं तरी हा धोका लगेच सरत नाही. 22 फेब्रुवारी 2024 ला, जोरदार बर्फवृष्टीनंतर, गुलमर्गजवळ हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. अशा दिवसांसाठी डीआरडीओच्या चंदीगडमधल्या डीजीआरई या संशोधन संस्थेचं हिमस्खलनाचं पत्रक निघतं. त्यात बर्फ किती पडला यापेक्षा तो कुठं अडून बसलाय हे महत्त्वाचं असतं. लख्ख ऊन असूनही गोंडोलाचा दुसरा टप्पा बंद दिसला, तर तिकीट खिडकीवरच्या माणसाशी हुज्जत घालू नका. त्या दिवशी कोंगदूरीपर्यंतचंच, म्हणजे पहिल्या टप्प्याचंच, तिकीट काढा.