फिनएअरचा नकाशा कोण काढतं?

साडेनऊ तास जायला, साडेनऊ तास यायला. दोन्ही टोकांना साफसफाई, इंधन, माणसं उतरवणं-चढवणं यात मिळून चार-साडेचार तास. म्हणजे आज संध्याकाळी पाचला हेलसिंकीहून टोकियोला निघालेलं विमान उद्या दुपारी हेलसिंकीत परत हजर, आणि पाचला पुन्हा त्याच फेरीवर. एका विमानात रोजची फेरी निभते. फिनलंडच्या फिनएअर या विमान कंपनीचा लांब पल्ल्याचा संसार कित्येक वर्षं या बेरजेवर उभा होता.

परवा आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर एकानं लिहिलं की एअरलाइन अलायन्स (विमान कंपन्यांचे एकत्र आलेले गट) म्हणजे कार्डावरचे पॉइंट्स आणि लाउंजमधला फुकटचा चहा, बाकी काही नाही. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते वाढत गेलं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. अकरा वर्षं हेलसिंकीशेजारच्या एस्पोला राहतोय, विमानांचं वेड त्याच्याही आधीचं. फिनएअरचं काय झालं ते डोळ्यांसमोर घडताना पाहिलंय, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी हे समजून घ्या की फिनलंडची लोकसंख्या 56 लाख आहे. 2011 च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची 94 लाख होती. एवढ्याशा देशातून रोज टोकियोला, सोलला, हाँगकाँगला मोठं विमान भरून कोण जाणार? फिनिश माणसं तर नक्कीच पुरणार नाहीत. पण पृथ्वीचा गोल घ्या. माझ्या मुलीच्या गोलावर आम्ही एकदा लोकरीचा धागा ताणून पाहिला होता. टोकियोपासून पॅरिसपर्यंत, मग मिलानपर्यंत, मग माद्रिदपर्यंत. प्रत्येक वेळी धागा सैबेरियावरून येऊन फिनलंडच्या आसपासूनच खाली उतरतो. हेलसिंकी वाटेवरचंच गाव. मिलानच्या माणसानं हेलसिंकीत विमान बदललं तर त्याचा फारसा फेरा होत नाही. हीच फिनएअरची इस्टेट. 2019 च्या अखेरीस जपानातल्या पाच शहरांना त्यांची विमानं जात होती: टोकियो, ओसाका, नागोया, फुकुओका आणि नुकतंच सुरू झालेलं सप्पोरो. हेलसिंकी विमानतळावरच्या पाट्यांवर जपानी आणि चिनी अक्षरं आहेत, ती काही हौस म्हणून लावलेली नाहीत.

पण नुसत्या भूगोलावर विमान भरत नाही. टोकियोत उतरलेल्या माणसाला पुढे छोट्या गावी कोण नेणार? आणि मुळात ओसाकाच्या ट्रॅव्हल एजंटला फिनएअर हे नाव कोण सांगणार?

फिनएअर 1999 साली वनवर्ल्ड या अलायन्समध्ये गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटिश एअरवेज, अमेरिकन एअरलाइन्स, कॅथे पॅसिफिक, क्वांटास वगैरेंनी हा गट सुरू केला होता. पण पॉइंट्स आणि लाउंज हे अलायन्सचं फक्त दर्शनी दालन झालं, खरा कारभार माजघरात चालतो. त्याला जॉइंट बिझनेस म्हणतात. अटलांटिकवर अमेरिकन, ब्रिटिश एअरवेज आणि आयबेरिया यांचा असा जॉइंट बिझनेस होता, त्यात फिनएअर 2013 मध्ये शिरली. जपानच्या मार्गांवर जपान एअरलाइन्स आणि ब्रिटिश एअरवेज यांचा होता, त्यात 2014 मध्ये.

हे कसं चालतं ते माझ्या आईला समजावताना मला एक उपमा सापडली. ती इथून मुंबईला निघाली होती, दोहामार्गे. तिकिटावर फिनएअरचा नंबर, समोर उभं विमान कतार एअरवेजचं. बोर्डिंग पास दोन्ही हातांत धरून म्हणाली, "अरे, हे दुसऱ्याच कंपनीचं दिसतंय. आपण चुकीच्या दारात नाही ना उभे?" मी म्हटलं, आई, पुणे-लातूर रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं आठव. एकाकडे सीट बुक करायची आणि स्वारगेटला गेल्यावर दुसऱ्याच्या गाडीत बसायचं. तसंच हे, याला कोडशेअर म्हणतात. जॉइंट बिझनेस त्याच्याही पुढे जातो. तिथे दोन्ही ट्रॅव्हल्सवाले त्या मार्गाचा गल्लाच एक करतात. भाडी एकत्र ठरवतात, सुटायच्या वेळा एकमेकांना पूरक ठेवतात, आणि माणूस कोणाच्या गाडीत बसला याला महत्त्व राहत नाही, कारण पैसे एकाच पेटीत पडून मग ठरल्या हिश्श्यानं वाटले जातात. एरवी दोन प्रतिस्पर्ध्यांनी बसून भाडी ठरवणं हा गुन्हा. म्हणून त्याला सरकारी नियंत्रकांची खास परवानगी लागते. आईला पटलं. "म्हणजे वाटणीवरून भांडणं होत असतील," एवढंच म्हणाली, आणि मला वाटतं तिनं नेमकं मर्मावर बोट ठेवलं.

त्या जपानवाल्या कराराचं नाव होतं सायबेरियन जॉइंट बिझनेस. सगळा धंदा ज्या आकाशावर, त्याचंच नाव.

2022 च्या फेब्रुवारीच्या शेवटी ते आकाश बंद झालं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर युरोपानं रशियन विमानांना दारं लावली आणि रशियानं उलट 36 देशांना. लंडन-पॅरिसवाल्यांना फटका बसला, पण त्यांच्याकडे अटलांटिक होता, आफ्रिका होती. फिनएअरची तर मुळावरच घाव बसल्यासारखी गत झाली. मार्चमध्ये टोकियो पुन्हा सुरू केलं ते थेट उत्तर ध्रुवावरून, सुमारे तेरा तासांचा वळसा घालून. त्या वर्षी शरद ऋतूत मी ऑफिसच्या कामासाठी त्या विमानानं गेलो. समोरच्या स्क्रीनवर विमानाचं चित्र सरळ वर चाललेलं. नॉर्वे संपला, स्वालबार्ड मागे पडलं, मग नुसता पांढरा पट्टा. खिडकीबाहेर काळोख. केबिन क्रूनं प्रत्येकाला ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र वाटलं. शेजारचे जपानी आजोबा ते घडी न पडता पिशवीत कसं ठेवावं याच्या खटपटीत होते. मला मात्र त्या कागदाकडे बघून भरून आलं. 1983 मध्ये हीच कंपनी सोव्हिएत हद्द टाळून, याच ध्रुवावरून, डीसी-10 विमानानं टोकियोला विनाथांबा गेली होती, तेव्हाही साधारण तेराच तास लागत. चाळीस वर्षांची मेहनत पुसून माणसं पुन्हा त्याच वाटेवर आली होती.

आता ती सुरुवातीची बेरीज पुन्हा करा. तेरा आणि तेरा सव्वीस. चोवीस तासांत विमान परत येणं संपलं. त्याच रोजच्या फेरीला आता एकाऐवजी दोन विमानं, जास्त वैमानिक, जास्त इंधन. आणि वर हेलसिंकी आता वाटेवरचं गाव राहिलं नाही. चिनी कंपन्या रशियावरूनच युरोपात येत राहिल्या, त्यांचा खर्च आणि वेळ दोन्ही कमी.

अशा वेळी कंपनीकडे उरतं काय? नवीकोरी, महागडी ए350 विमानं (युरोपात हे विमान सगळ्यात आधी, 2015 मध्ये, यांनीच घेतलं होतं), शिकवलेली माणसं, आणि दोस्त. त्या काळात विमानं कुठे कुठे गेली बघा. 2022 च्या वसंतात डॅलस. डॅलस हे अमेरिकन एअरलाइन्सचं सगळ्यात मोठं ठाणं. जूनमध्ये सिएटल. तिथे अलास्का एअरलाइन्सचं घर, आणि अलास्का वनवर्ल्डमध्ये आली होती 2021 च्या मार्चमध्ये. 2022 च्याच अखेरीस दोहा, आणि तेही हेलसिंकीबरोबर स्टॉकहोम आणि कोपनहेगनहूनसुद्धा. दोहा म्हणजे कतार एअरवेज, 2013 पासून वनवर्ल्डची सदस्य. डॅलसचा निर्णय युद्धाच्या आधीचा होता, हे खरं. पण फिनिश माणसाला डॅलसला असं काय काम असतं? तिथून पुढे अमेरिकनची विमानं टेक्सासपासून मेक्सिकोपर्यंत सगळीकडे नेतात, म्हणून डॅलस.

माझं म्हणणं एवढंच आहे. मध्यम आकाराच्या कंपनीचा लांब पल्ल्याचा नकाशा तिच्या मुख्यालयात निम्माच काढला जातो. उरलेला निम्मा भागीदारांची ठाणी कुठे आहेत त्यावर ठरतो. मोठ्या कंपनीला अलायन्स म्हणजे जोडधंदा, मध्यम कंपनीसाठी ती जमीनच.

हे फक्त फिनएअरचं नाही. शेजारच्या स्वीडन-डेन्मार्क-नॉर्वेची एसएएस घ्या. 1997 मध्ये स्टार अलायन्स स्थापन करणाऱ्या पाचांपैकी एक. स्टारमधल्या शेवटच्या वर्षांत तिची अमेरिकेतली मुख्य गावं कोणती? नेवार्क, शिकागो, वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्को. सगळी स्टारमधल्याच युनायटेड एअरलाइन्सची ठाणी. मग 2022 मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली, फेररचनेत एअर फ्रान्स-केएलएमनं 19.9 टक्के हिस्सा घेतला, आणि 1 सप्टेंबर 2024 पासून एसएएस एअर फ्रान्स-केएलएमच्या स्कायटीम या अलायन्समध्ये. त्याच्या जरा आधी उन्हाळ्यात कोपनहेगनहून अटलांटाची फेरी सुरू झाली होती. अटलांटा स्कायटीममधल्या डेल्टा एअरलाइन्सचं घर.

आता उलट बाजू, कारण ती लपवून लिहिणं बरोबर नाही. अलायन्स कोणाला बुडण्यापासून वाचवत नाही. हंगेरीची मालेव वनवर्ल्डमध्ये होती, 3 फेब्रुवारी 2012 ला बंद पडली. एअर बर्लिन वनवर्ल्डमध्ये होती, 2017 मध्ये संपली. भागीदार मदत करतात ती त्यांच्या फायद्याची असेल तोवर. फिनएअरकडे देण्यासारखं काही होतं म्हणून तिला घेणारे मिळाले. तिची ए330 विमानं फिनिश वैमानिक आणि फिनिश क्रूसकट क्वांटासनं भाड्यानं घेतली आणि 2023 पासून ती सिडनी-सिंगापूर मार्गावर उडू लागली. कंपनीला पैसा मिळाला, नोकऱ्या टिकल्या, 2023 मध्ये कंपनी नफ्यातही आली. मी हा निर्णय योग्यच मानतो. तरी फिनलंडची विमानं फिनलंडपासून पंधरा हजार किलोमीटरवर दुसऱ्याच्या फेऱ्या करतायत, हे बघताना वाईट वाटायचं ते वाटायचंच. कामाच्या ठिकाणी माझे फिनिश सहकारी फारसे बोलत नाहीत, पण या विषयावर बोलायचे.

आणि आईनं काढलेला वाटणीचा प्रश्न. पूर्वी हेलसिंकीमार्गे जपानला सगळ्यात लवकर पोचता यायचं, म्हणून भागीदारांच्या टेबलावर फिनएअरचा शब्द चालायचा. आता लंडनहून थेट टोकियोला जाणाऱ्याला हेलसिंकीत उतरायचं कारणच कमी झालंय. पेटी तीच, पण त्यात आपण काय टाकतो यावरच पुढचा हिस्सा ठरणार. मला खरी काळजी याची वाटते. म्हणून फक्त अलायन्सच्या भरवशावर न राहता बाहेरही हात पुढे करावा लागतो, आणि तसा तो केलेलाही आहे. चीनच्या मुख्य भूमीवर वनवर्ल्डचं कोणी नाही, तर शांघायच्या जुनयाव एअरलाइन्सशी यांनी 2021 मध्ये स्वतंत्र जॉइंट बिझनेस केला, जुनयावचे संबंध स्टार अलायन्सशी असूनही.

भारताच्या बाबतीत हे झालं नाही, आणि इथे आपला, म्हणजे आम्हा इथल्या मराठी लोकांचा, थेट संबंध येतो. दिल्ली चालू आहे. 2017 च्या हिवाळ्यात गोव्यालाही विमान सुरू केलं होतं, पण ते उन्हासाठी आसुसलेल्या फिनिश पर्यटकांसाठी. तिथे उतरून पुढे कोणाला कुठे जायचं नव्हतं, म्हणून भागीदाराची गरज नव्हती. मुंबईची थेट फेरी 2022 मध्ये सुरू झाली आणि टिकली नाही. आमच्या ग्रुपवर तेव्हा लोकांनी अगदी पेढे वाटल्यासारखे मेसेज टाकले होते. का टिकली नाही? वळसा हे एक कारण आहेच. पण मुंबईत उतरलेल्या प्रवाशाला नागपूरला, कोचीला, इंदूरला त्याच तिकिटावर नेणारं वनवर्ल्डचं कोणी भारतात नाही. किंगफिशर येणार होती. तारीख ठरली होती, 10 फेब्रुवारी 2012. मालेव कोसळली त्याच आठवड्यात किंगफिशरचाही प्रवेश पुढे ढकलला गेला, आणि ती कधीच आली नाही. एअर इंडिया 2014 मध्ये स्टारमध्ये गेली. बाजारात सगळ्यात मोठी असलेली इंडिगो कुठल्याच अलायन्समध्ये नाही. कतार, क्वांटास आणि अमेरिकन यांच्याशी तिचे कोडशेअरचे करार झाले होते, तेव्हा मला फार आशा होती. पण 2025 च्या जूनमध्ये इंडिगोनं डेल्टा, एअर फ्रान्स-केएलएम आणि व्हर्जिन अटलांटिक यांच्याशी सामंजस्य करार केला, आणि जुलैमध्ये मुंबईहून ॲमस्टरडॅमला विमान सुरू केलं. ॲमस्टरडॅम केएलएमचं घर आहे, हे वेगळं सांगायला नको.

शांघायला जे जमवलं ते मुंबईला जमवायला फिनएअरनं आता उशीर करू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. एकदा केएलएमच्या बाजूनं घडी पक्की बसली की हेलसिंकीला जागा उरणार नाही. इथे कोणी फिनएअरच्या नेटवर्क प्लॅनिंगमध्ये असेल तर हे त्यांच्यापर्यंत जरूर पोचवा. 2022 मध्ये मुंबईच्या त्या थेट विमानानं कोणी गेलं असेल तर विमान किती भरलेलं होतं आणि मुंबईहून पुढे कसे गेलात, तेही कमेंटमध्ये लिहा.

आई मार्चमध्ये परत येतेय. तिकीट दोहामार्गेच काढलंय.