ठुशीच्या पार्सलवर आलेल्या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या ठुशीचे दोन मणी चेपलेले निघाले, याचं खरंच वाईट वाटलं. गौरीसाठी हौसेनं घेतलेला दागिना असा हातात पडला, त्याबद्दल माफी असावी. ठुशी बदलून देतोय, त्यात काही वादच नाही.

पण पुढं तुम्ही लिहिलंय, "निपाणी ते कोल्हापूर चाळीस किलोमीटर, त्याला नव्वद रुपये, खोकं बघावं तर एवढंसं, आत कागद कोंबलेला. कुरिअरच्या नावाखाली लुटतात. त्यापेक्षा एसटीनं जाऊन आणली असती." यातलं 'लुटतात' फार लागलं हो.

नव्वदाचा हिशोब सांगते. कुरिअरवाला आमच्याकडून ७२ रुपये घेतो. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे झाले ८४ रुपये ९६ पैसे. उरले पाच. त्या पाचात थ्री-प्लायचं खोकं, बबल रॅप, बटर पेपर, झिपची पिशवी आणि टेप बसवून दाखवा. वरचे सगळे पदरचे जातात, आणि आजवर ते कुणाला बोलून दाखवलेले नाहीत.

चाळीस किलोमीटरचं म्हणाल, तर कुरिअर सरळ रस्त्यानं जात नाही. निपाणीचं पार्सल आधी पाऊणशे किलोमीटर उलटं बेळगावला जातं. तिथं त्याची वर्गवारी होते आणि मग त्याच हायवेनं परत, आमच्या गावावरूनच, तुमच्याकडं येतं. तुम्हाला पाठवलेल्या ट्रॅकिंगमध्ये हे दिसेल. शिवाय निपाणी कर्नाटकात, म्हणजे कागदोपत्री ते परराज्यातलं पार्सल. आपली सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं अलीकडं-पलीकडं चालतं, पण पिनकोडला त्याचं काय! एवढ्या जवळ माल पाठवायला आम्हाला आधी जीएसटी नंबर काढावा लागला.

आता खोक्याचं. ते 'एवढंसं' मुद्दाम ठेवलंय. कुरिअरवाले नुसतं वजन धरत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात, ५००० नं भागतात, आणि काट्यावरच्या वजनापेक्षा तो किलोंचा आकडा जास्त आला तर त्याचे पैसे लावतात. आमचं खोकं २० बाय १५ बाय ८, म्हणजे ४८० ग्रॅम. अर्ध्या किलोत बसतं. उंची दोनच सेंटिमीटर वाढवली की तेच ६०० ग्रॅम होतं आणि पुढच्या स्लॅबचे पैसे पडतात. आत ठुशी तेवढीच. मोठं खोकं दिसायला छान दिसलं असतं, पण त्याचे पैसे तुमच्याकडूनच घ्यावे लागले असते.

आणि तो कागद कोंबलेला नाही ताई, दागिना हलू नये म्हणून भरलेला आहे. वर्तमानपत्र फुकट मिळतं, पण त्याची शाई मोत्यांना लागते, म्हणून पांढरा कागद विकत आणतो. ठुशी आधी पुठ्ठ्याच्या गोलावर बसवून तिची दोरी मागं बांधतो. रबर बँड आमच्या टेबलावर येऊच देत नाही, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. टेप मारायच्या आधी माझी जाऊ प्रत्येक खोकं कानाशी धरून हलवते. खुळखुळ ऐकू आली की पुन्हा उघडायचं, पुन्हा भरायचं. तुमच्या फोटोत खोक्याचा एक कोपरा सरळ आत गेलेला दिसतोय. वाटेत त्यावर काहीतरी जड पडलंय. उघडताना व्हिडिओ काढा, अशी चिठ्ठी खोक्यावर चिकटवलेली असते. तो काढला असता तर कुरिअरकडं भरपाई तरी मागता आली असती. आता ते नुकसानही आमच्याच अंगावर. असू दे.

गणपतीच्या तोंडावर जो धंदा होतो, त्यावर आमचं निम्मं वर्ष निघतं. मणी ओवणाऱ्या बायका पूर्वी विड्या वळायच्या, आता या कामावर त्यांचं घर चालतं. तुमचा रिव्ह्यू सगळ्यात वर दिसतोय आणि आलेल्या ऑर्डरी रद्द व्हायला लागल्यात. दागिन्याबद्दल, पॅकिंगबद्दल जे वाटलं ते जरूर लिहा, तो तुमचा हक्क आहे. फक्त लुटण्याचा शब्द तेवढा काढता आला तर बघा, एवढीच विनंती.

ठुशीसाठी आत एखादी कडक डबी घालता येईल का, तेही बघतोय. स्वस्तात मिळाली तर लवकरच सुरू करू.

नवी ठुशी सोमवारी निघेल, गौरी बसायच्या आत पोचेल. जुनी न्यायला कुरिअरचा माणूस तुमच्या दारात येईल, त्याचे पैसे आम्ही भरलेत, त्याला काही देऊ नका. खोकं टाकून दिलं नसेल तर त्यातच घाला, आणि तो पांढरा कागदही आत राहू द्या.