‘आधी भरायचं, मग काढायचं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचा राग समजला. वडिलांना बायपासच्या वेळी ‘सलाईनवर सलाईन’ चढवलं, अंग सुजलं, वजन चार किलोंनी वाढलं आणि नंतर पाणी मात्र घोट मोजून दिलं. ‘आधी भरायचं, मग काढायचं, दोन्हीचं बिल लावायचं,’ असं तुम्ही लिहिलंय. या द्रवांनी किडनीला त्रास होतो का, अशी शंकाही घेतलीय.

बिलाचं आधी. अख्ख्या ऑपरेशनात सलाईनइतकं स्वस्त फार थोडं असतं. त्यावर कोण कमावणार?

आता सूज. मी इथे नाशकातच हार्ट-लंग मशीन चालवतो, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र. मशीनच्या नळ्या रिकाम्या ठेवून पेशंटला जोडता येत नाहीत. हवा मेंदूत गेली तर घात. म्हणून आधी सव्वा-दीड लिटर रिंगर लॅक्टेट (सलाईनसारखंच क्षारांचं पाणी) किंवा तसलंच काही भरायचं आणि ऑक्सिजनेटरला, म्हणजे रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या भागाला, टिचक्या मारत बुडबुडे काढायचे. साठ किलोच्या माणसात रक्त असतं साधारण ४ लिटर. त्यात हे मिसळलं की ३९ चं हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के, तो आकडा) ३० च्या आसपास येतं. फार पातळ होऊ नये म्हणून नळ्या आखूड ठेवतो, लागलं तर हिमोफिल्टरनं, म्हणजे रक्त गाळणाऱ्या जाळीनं, पाणी काढतो.

शिवाय मशीनमधून फिरलेल्या रक्तामुळे शरीरभर दाह होतो, केशवाहिन्या झिरपतात. पाणी पायांत, चेहऱ्यावर उतरतं आणि रक्तवाहिन्या मात्र रिकाम्या, म्हणून प्रेशर पडतं. सुजलेल्या माणसालाही सलाईन लागतं ते यामुळे. पुढच्या दिवसांत हेच पाणी रक्तात परततं. तेव्हा फुप्फुसांवर भार नको म्हणून लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) आणि मोजून पाणी.

‘मानेतल्या नळीचा आकडा समोर असताना अंदाजपंचे कशाला?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. ती नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब दाखवते. पण गोदावरीच्या पात्रातल्या, पुराची पातळी दाखवणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं यावरून गंगापूर धरणातून अजून किती सोडलं तर चालेल, हे ठरतं का? तो आकडाही तसाच. त्यापेक्षा पाय वर उचलून किंवा थोडंसं द्रव देऊन प्रेशर कसं बदलतं ते पाहिलेलं बरं.

किडनीबद्दलची तुमची शंका मात्र पोकळ नाही. रक्तवाहिन्या भरायला पूर्वी सर्रास दिलं जाणारं स्टार्चचं द्रव २०१२ च्या मोठ्या अभ्यासांनंतर मागे पडलं, ते किडनीवरच्या परिणामांमुळेच.

डिस्चार्ज कार्डवर ‘ऑफ पंप’ असेल, म्हणजे धडधडत्या हृदयावरच ऑपरेशन झालं असेल, तर वरचं मशीनपुराण तुमच्या वडिलांना लागू नाही, तसं कळवा. रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी त्यांचं वजन घ्या. एका दिवसात एक-दीड किलो वाढलं किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर इथे लिहीत बसू नका, सर्जनना फोन करा.